आउस म्हणजे सोड

आमच्या घरी सलग दोन वर्षं रोज आवस होती, पुनवेच्या दिवशीसुद्धा. संध्याकाळी मी अंगणात कुत्र्यासमोर उभी राहून "आउस! आउस!" असं ओरडायचे आणि आतून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याहून मोठ्याने ओरडायच्या, "अगं कॅलेंडर बघ की! आवस अजून आठ दिसांनी हाय."

'आउस' हा जर्मन शब्द. अर्थ 'सोड'. जबड्यात जे काही धरलं असेल ते सोड. कुत्र्याच्या नाकाची, शिस्तीची आणि धीराची परीक्षा घेणारा एक खेळ आम्ही खेळतो, त्यात असे सात-आठ शब्द लागतात. 'झिट्झ' म्हणजे बस, 'प्लाट्झ' म्हणजे आडवा हो, 'हिअर' म्हणजे ये, 'झूख' म्हणजे माग काढ आणि 'फूस' म्हणजे पायाशी चाल. हा शेवटचा ऐकून आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारला होता, "कुत्र्याला फूस लावाय लागलीस व्हय गं?" नियमाप्रमाणे आज्ञा कुठल्याही भाषेत दिली तरी चालते. पण आमच्या उस्तादांचं म्हणणं, घरात दिवसभरात 'बस', 'ये', 'सोड' हे शब्द शंभर वेळा कानावर पडतात. त्यातला आपला कुठला हे कुत्र्याने कसं ओळखायचं? म्हणून जर्मन. साताऱ्याच्या मातीतून उगवलेलं जर्मन.

बंड्या घरात आला तो मोटारीपायी. शेतातल्या विहिरीवरची केबल सहा महिन्यांत दोनदा कापून नेली, तेव्हा ह्यांनी ठरवलं की एक दणदणीत जर्मन शेफर्ड आणायचा. केनेल क्लबचे कागद असलेलं दोन महिन्यांचं पिल्लू आलं. कागदावरचं नाव लांबलचक, उच्चारताना जीभ अडखळावी असं. आत्याबाईंनी त्याच संध्याकाळी त्याचा बंड्या केला. सहाव्या महिन्यात त्या बंड्याने एका मांजरापायी मला चप्पलसकट गटारात ओढलं. गुडघ्याला पट्टी बांधून मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, "गोळी नाही यावर. माहुलीच्या बाजूला एक उस्ताद आहेत, त्यांच्याकडे जा."

उस्ताद फौजेतून निवृत्त झालेले. मिलिटरी अपशिंग्याच्या बाजूचे, म्हणजे ज्या टापूत घरटी एक माणूस फौजेत असतो तिथले. मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या, म्हणजे फौजेतली जनावरं सांभाळणाऱ्या दलाच्या, केंद्रात ते कुत्रे हाताळायला शिकले आणि मग बरीच वर्षं सरहद्दीवर काढली. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, ते नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. मी केबलची सगळी कहाणी सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, चोर अडवायचा असंल तर गेटवर पाटी लावा, कुत्र्यापासून सावध. दोनशे रुपयांत मिळती. कुत्र्यासंगं काम करायचं असंल तर रविवारी पहाटे साडेपाचला या." मी गेले. केबल नंतर आणखी एकदा चोरीला गेली, तेव्हा बंड्या माझ्याबरोबर मैदानावर होता.

मैदान म्हणजे संगम माहुलीच्या अलीकडचं भाड्याने घेतलेलं एक रान. पलीकडे कृष्णा आणि वेण्णा एकमेकींना मिळतात. माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं अशी कथा आमच्याकडे लहान पोरंही सांगतात. आमच्या मंडळातल्या प्रत्येकाला आपला कुत्रा खंड्याचाच अवतार वाटायचा. मंडळ तरी केवढं, सात माणसं आणि आठ कुत्री. एक दूधवाले, एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त फौजदार, दोन कॉलेजची पोरं, पतसंस्थेत खतावण्या लिहिणारी मी आणि आमचा हेल्पर. त्याच्याविषयी पुढे सांगते, कारण तो नसता तर यातलं काहीच झालं नसतं.

खेळाचं आजचं नाव आयजीपी. २०१९ पूर्वी आयपीओ म्हणायचे आणि त्याही आधी शुट्झहुंड, म्हणजे राखणदार कुत्रा. मूळ जर्मनीतलं. माक्स फॉन स्टेफानिट्झ नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यांमधून जर्मन शेफर्ड ही जात बांधायला घेतली. १८९९ मध्ये त्या जातीची संस्था निघाली. नुसता दिसायला देखणा कुत्रा पुढे वाढवायचा नाही, आधी त्याचं डोकं, धीर आणि नाक तपासायचं, म्हणून १९०१ मध्ये पहिली शुट्झहुंड परीक्षा झाली. म्हणजे ही मुळात बैलाची शर्यत नाही, बैल विकत घेण्याआधी त्याला नांगराला जुंपून बघणं आहे. परीक्षेचे तीन भाग, माग, आज्ञापालन आणि राखण. प्रत्येकाला १०० गुण, आणि प्रत्येकात निदान ७० हवेत. एकात शंभर मिळवून दुसऱ्यातली उणीव भरून काढता येत नाही.

सगळ्यांना बघायचा असतो तो तिसरा भाग. कुत्रा सुसाट पळत जातो आणि माणसाच्या हातावर चढवलेल्या जाड बाहीला लटकतो. पाहुणे आले की मोबाइल काढून उभे राहतात. माग बघायला कुणी येत नाही. बघण्यासारखं काही नसतंच त्यात, एक कुत्रा नाक खाली घालून सावकाश चाललाय आणि दहा मीटर दोरी धरून एक बाई त्याच्या मागे. मला मात्र सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

माग म्हणजे माणूस चालत गेलेली वाट. पहिल्या पातळीला स्वतः मालकाने चालायचं, ३०० पावलं, दोन वळणं, वाटेत दोन वस्तू टाकायच्या, मग २० मिनिटं थांबायचं आणि कुत्र्याला सोडायचं. मला वाटायचं कुत्रा माझा वास काढत जाणार. उस्तादांनी एका ढेकळावर पाय देऊन दाखवला. पाय पडला की ढेकूळ फुटतं, आतली ओली माती वर येते, गवताची पात चिरडते, चार किडे मरतात. त्या जागेचा वास आजूबाजूच्या रानापेक्षा वेगळा होतो. कुत्रा बराचसा तो वास वाचतो. म्हणून हवेत नाक वर करून अंदाजाने धावणारा कुत्रा इथे गुण गमावतो. नाक जमिनीला लागलेलं हवं, एकेक पाऊल तपासत जायला हवं.

शिकवायचं कसं, तर प्रत्येक पावलाच्या ठशात उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा ठेवायचा. कुत्रा पाऊल शोधतो, खातो, पुढचं शोधतो. हळूहळू तुकडे कमी करायचे. कागदावर सोपं आहे. आमच्या रानात मुंग्या आहेत. २० मिनिटांत त्या अर्ध्या मागावरचं चिकन उचलून वारुळात नेतात. उरलेलं साळुंक्या नेतात. एकदा मी वळणाच्या पुढे बघते तर एक साळुंकी माझ्या पावलावर पाऊल टाकत, एकेक तुकडा टिपत, शिस्तीत माग काढत चालली होती. उस्ताद म्हणाले, "हिला पाठवा परीक्षेला."

आणि माती! काळं रान पावसाळ्यात बुटाला असं चिकटतं की प्रत्येक पायात किलोभर चिखल घेऊन चालावं लागतं. उन्हाळ्यात त्यालाच भेगा पडतात आणि त्यांत वास जिरून जातो की काय कोण जाणे, बंड्या भेगेत नाक घालून फुरफुरत बसायचा. सगळ्यात चांगले दिवस म्हणजे सोयाबीन निघाल्यावर, रोटर मारलेल्या रानात, दहिवर पडलेलं असताना. शेतकऱ्यांची परवानगी मिळवणं हा वेगळाच उद्योग. एका आजोबांनी तीन रविवार बांधावर बसून आमचं निरीक्षण केलं. मी आधी मोजून पावलं टाकत जाते, मग काठी रोवते, मग कुत्रा आणून त्याच वाटेने नेते. चौथ्या रविवारी ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, घावलं तर निम्मं माझं. रान माझं हाय." त्यांना वाटत होतं, मी गुप्तधन शोधतेय.

मागावर ज्या वस्तू टाकायच्या त्या चामड्याच्या, लाकडाच्या, कापडाच्या, बोटभर लांबीच्या. कुत्र्याने त्या सापडल्या की जागच्या जागी आडवं होऊन दाखवायचं. राजवाड्याजवळ चपला शिवणाऱ्या काकांकडून मी कोल्हापुरीच्या तळाच्या चामड्याचे तुकडे कापून घेतले. ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "रानात टाकायला." त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

एक भीती मात्र खरी होती. उसाच्या फडाला लागून कधी माग टाकायचा नाही, हा उस्तादांचा नियम. आमच्या जिल्ह्यात उसात बिबट्या असतो आणि कुत्रा त्याला सोपं भक्ष्य. एका सकाळी माग फडापासून चांगला दूर होता तरी बंड्या मध्येच थांबला, मान वर केली, पाठीवरचे केस शेपटीपर्यंत उभे. मला काही दिसलं नाही. मी दोरी गुंडाळली आणि उस्तादांकडे न बघता सरळ गाडीकडे निघाले. माग मोडला म्हणून ते रागावतील असं वाटलं होतं. ते माझ्याआधी गाडीत बसले होते.

आज्ञापालनाविषयी फार सांगत नाही. ते रियाझासारखं असतं, ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. पायाशी चाल, चालता चालता बस, आडवा हो, ६५० ग्रॅमचं लाकडी डंबेल उचलून आण, १ मीटरच्या अडथळ्यावरून उडी मार, १.८० मीटर उंचीच्या तिरक्या भिंतीवर चढून उतर. भिंत गावातल्या सुताराने केली, राखणीच्या भागात माणूस लपतो ते आडोशाचे सहा तंबू मांडववाल्याने हिरव्या ताडपत्रीचे शिवून दिले. चालता चालता पिस्तुलाचे दोन बार होतात आणि कुत्र्याने दचकायचं नाही. याची तयारी आम्हाला करावीच लागली नाही. लग्नाच्या वराती आणि दिवाळी यांतून पार पडलेल्या साताऱ्याच्या कुत्र्याला सहा मिलिमीटरच्या पिस्तुलाचं काय? दूधवाल्यांची कुत्री मात्र पहिल्या बाराला गाडीखाली गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. अशा कुत्र्याला या खेळात जागा नाही. दूधवाले तिला घेऊन नुसते यायचे, चहा प्यायचे, जायचे.

मुख्य परीक्षेआधी बीएच नावाची एक चाळणी असते. कुत्रा १५ महिन्यांचा झाल्याशिवाय तिला बसता येत नाही. त्यात बाजारातली चाचणी असते, सायकलवाला, पळणारा माणूस, गर्दी, गाड्या, यांतून कुत्रा निवांत चालतो का हे बघतात. आम्ही सरावाला पोवई नाक्यापासून राजपथाने राजवाड्यापर्यंत जायचो. चौपाटीवर भेळेच्या गाड्यांमधून बंड्याला घेऊन जाणं हे जर्मनीतल्या कुठल्याही परीक्षेपेक्षा अवघड आहे, हे मी पैजेवर सांगते. कुणीतरी भजी दाखवणारच, कुणीतरी "चावतो का ओ?" विचारणारच आणि उत्तर यायच्या आत हात पुढे करणारच. बीएच पुण्याच्या बाजूला झाली आणि आम्ही पास झालो. मालकाला लेखी परीक्षाही असते. बँकेच्या परीक्षेनंतर पंधरा वर्षांनी मी बाकावर बसून उत्तरं लिहिली.

आता हेल्पर. बाही घालून कुत्र्यासमोर उभा राहतो तो हेल्पर. लोकांना वाटतं तो मार खाणारा माणूस. खरं तर शिकवणारा तोच असतो. मालक दोरी धरून मागे उभा, कुत्र्याच्या डोळ्यांत बघणारा हेल्पर. आमचा हेल्पर तालमीतला. गुडघ्यामुळे कुस्ती सुटली म्हणून इकडे आला, सगळे त्याला पैलवानच म्हणतात. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "वहिनी, वस्ताद पोराबरोबर लढतो तेव्हा आधी आठ दिवस स्वतः खाली पडतो. पोराला वाटलं पाहिजे, मी पाडला." बंड्याबरोबर त्याने तेच केलं. आधी पोत्याची चिंधी, मग तागाची उशी, मग मऊ बाही, मग खरी. बंड्याने पूर्ण जबडा भरून, शांतपणे धरलं की बाही त्याची. पुढच्या दातांनी कुरतडलं की पैलवान जागचा हलायचा नाही, खेळ मेला. परीक्षकही हेच बघतो, दात दाखवणं नाही, पकड किती खोल आणि किती निवांत. घाबरलेला कुत्रा टोकाने चावतो आणि जागा बदलत राहतो.

आडोशामागे हेल्पर उभा असतो तिथे कुत्र्याने त्याला हातही लावायचा नाही, समोर उभं राहून नुसतं भुंकायचं, हा भाग बघताना आलेल्या पाहुण्यांची निराशा व्हायची. "चावला नाही?" नाही. तो हलला नाही ना. पळाला असता तर धरलं असतं. आणि धरल्यावर, हेल्पर थांबला की, माझ्या एका शब्दावर सोडलं असतं. निदान सोडायला हवं होतं.

मंडळात मधेच एक मुधोळसुद्धा आला होता, कॉलेजच्या एका पोराने कर्नाटकातून, मुधोळहूनच आणलेला. लांब पायांचा, चांदीच्या पट्टीसारखा. तो पळाला की सगळे काम सोडून बघत राहायचे. पण तो डोळ्यांनी शिकार करणारा कुत्रा. नाक खाली घालून ३०० पावलं चालायची त्याला गरजच वाटायची नाही, क्षितिजाकडे बघत उभा राहायचा. त्याच सुमाराला फौजदारसाहेबांच्या रॉटवायलरवरूनही गडबड झाली. मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी घाला असं सांगणारं केंद्राचं एक पत्रक आलं, त्यांत रॉटवायलर होता. पुढच्या महिन्यात कर्नाटकच्या उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द ठरवलं, पण तोवर साहेबांच्या शेजाऱ्यांनी कात्रण कापून त्यांच्या गेटला चिकटवलं होतं. माणसाला न विचारता हात लावायचा नाही हे त्या रॉटवायलरला त्या शेजाऱ्यांच्या पोरांपेक्षा जास्त कळत होतं. असो.

पहिल्या परीक्षेच्या आधी दोन महिने गेले गोचीड तापात. बंड्या जेवेना, हिरड्या पांढऱ्या, रक्तातल्या प्लेटलेट खाली आलेल्या. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लिन. रोज भाकरीच्या मुटक्यात गोळी लपवायची आणि त्याने भाकरी खाऊन गोळी बाहेर ठेवायची. त्या काळात त्याला चालायला न्यायचं तेवढंच, बाकी सगळं बंद. माझ्या मनात आलं होतं, पुढच्या वर्षी बघू. पण अर्ज भरला होता आणि मी पतसंस्थेतली बाई, भरलेले पैसे सोडवत नाहीत. आता वाटतं, तेव्हाच सोडायला हवे होते.

परीक्षा बंगळूरच्या अलीकडे होती. साताऱ्याहून सातशे किलोमीटरच्या वर. महामार्ग एकच, पण रात्रभर मागच्या पिंजऱ्यात कुत्रा आणि पुढे पैलवान घोरत असताना तो संपत नाही. सकाळी चिप तपासली, अनोळखी माणसांत कुत्रा कसा वागतो ते बघितलं. परीक्षक परदेशी होते, उंच, फार कमी बोलणारे. मागात ८२ मिळाले. आज्ञापालनात ७९. दुपारी राखण. हेल्पर अनोळखी, पण बंड्याने त्याला शोधलं, समोर बसून घंटेसारखा भुंकला. हेल्पर पळाला, बंड्याने धरलं, खोल, भरून. माझ्या अंगावर काटा आला. हेल्पर थांबला. मी म्हटलं, "आउस."

काही नाही.

परीक्षकांनी मान हलवली. आणखी दोनदा म्हणायची मुभा असते. मी दुसऱ्यांदा म्हटलं, बहुतेक ओरडलेच. बंड्याने डोळे माझ्याकडे वळवले आणि जबडा आणखी आवळला. तिसऱ्यांदा माझा आवाज फाटला. परीक्षकांनी हात वर केला. बाद. आणि बाद म्हणजे सगळंच बाद, सकाळचे ८२ आणि ७९ सुद्धा पुसले जातात. दोरी लावून मैदानाबाहेर येताना लोकांनी टाळ्या वाजवल्या, बंड्याला वाटलं त्याच्यासाठीच. तो बाहीच्या आठवणीने नाचत होता. गाडीत कुणी बोललं नाही. हुबळीच्या पुढे पैलवान एवढंच म्हणाला, "पकड भारी हुती पर."

उस्तादांनी घरी परतल्यावर एकच प्रश्न विचारला, "आउस म्हणायच्या आधी तुम्ही काय करता?" काही नाही करत, मी म्हटलं. त्यांनी फौजदारसाहेबांच्या मोबाइलवरचं चित्रण दाखवलं. सरावात दर वेळी मी शब्द उच्चारायच्या आधी मोठा श्वास घेत होते, खांदे पुढे, आणि दोरी मागे ओढत होते. तोंडात धरलेलं कुणी ओढायला लागलं की सोडायचं का घट्ट धरायचं? रस्त्यावरचं पोरगंसुद्धा पतंग घट्ट धरतं. वर्षभर मी त्याला 'आउस' या शब्दाचा अर्थ 'आता ओढाताण होणार, आवळ' असाच शिकवला होता. परीक्षेत दोरी नव्हती, पण श्वास होता, खांदे होते, आवाज होता. तो अगदी शिकवल्याप्रमाणे वागला.

मग चार महिने बाहीला सुट्टी. घरी दोन सारखे दोरखंड घेऊन काम. तोंडातला मेल्यासारखा धरायचा, हलवायचा नाही, हात गुडघ्याला लावून स्थिर. खेळ संपला असं वाटून त्याने सोडला की लगेच दुसरा जिवंत करायचा. सोडलं तर जातं असं नाही, सोडलं तर नवं मिळतं. ऐकायला गोड वाटतं. प्रत्यक्षात बंड्या पहिले कित्येक दिवस मेलेला दोरखंड धरून मिनिटामिनिटांनी माझ्याकडे बघत बसायचा आणि माझा हात अवघडायचा. उस्ताद फोनवर एकच विचारायचे, "आवाज?" मी म्हणायचे, कमी केलाय. नव्हता कमी झालेला. मी हळू ओरडत होते इतकंच.

एका संध्याकाळी असाच हात अवघडून बसले होते. आत्याबाई तांदूळ निवडत ओट्यावर होत्या. त्यांनी सुपातून डोकंही वर न काढता, नळाला पाणी आलं का विचारावं तसं विचारलं, "झाली का गं आवस?"

बंड्याने दोरखंड सोडला. टपकन. आणि आत्याबाईंकडे बघत बसला.

मी म्हटलं, परत म्हणा. त्या म्हणाल्या, "काय?" मी दोरखंड दिला, त्याने धरला, मी गप्प. त्या म्हणाल्या, "आवस." सोडला. पाच वेळा. त्या रात्री मी मोरीत दार लावून आवस म्हणायचा सराव केला, त्यांच्या चालीत, श्वास न घेता, जणू मला काही पडलेली नाही. ह्यांनी बाहेरून विचारलं, "बरं वाटतंय ना?"

पैलवानाने बाकीचं केलं. बाहीवर धरलं की तो खांबासारखा थांबायचा, मी तांदूळ निवडायच्या आवाजात आवस म्हणायचे, बंड्या सोडायचा, आणि सोडल्याच्या क्षणी पैलवान पुन्हा हलायचा, पुन्हा धर. काही आठवड्यांनी मी तोंड उघडायच्या आत तो सोडायला लागला. तीही चूकच, त्याचे गुण कापतात. मग आता धरून ठेव हे शिकवा. उस्ताद हसले, "म्हणून तर तीन पातळ्या आहेत."

पुढच्या हिवाळ्यात त्याच रस्त्याने गेलो. मागात ७८, दुसऱ्या वळणावर तो भरकटून परत आला. आज्ञापालनात ८१. राखणीत ८४. शोधायला सुरुवात करण्याआधीच त्याला मैदानावर दुसरं काहीतरी जास्त महत्त्वाचं वाटलं आणि त्याने एका आडोशावर पाय वर केला, तिथे गुण गेले. पण धरलं तेव्हा भरून धरलं, आणि मी आवस म्हटलं तेव्हा टपकन सोडलं. परीक्षकांनी शेरा देताना सोडण्याचा वेगळा उल्लेख केला. एकूण २४३. गुणपत्रिका आत्याबाईंनी देवघरात नारळाखाली ठेवलीय, हळदीचं बोट लागलंय तिला.

दुसऱ्या पातळीला माग मालकाने टाकायचा नसतो, दुसऱ्या माणसाने चालायचं असतं, ४०० पावलं, आणि अर्धा तास थांबायचं. मंडळातली सगळी माणसं बंड्याला पाठ झालेली. म्हणून गेल्या रविवारी आत्याबाईंना रानात नेलं. त्यांना दोन काठ्या दाखवल्या, इथे वळा, तिथे वळा, चामड्याचे तुकडे इथे टाका. त्या पदर खोचून चालत गेल्या, मी पाठ करून उभी. अर्ध्या तासाने बंड्याला सोडला. पहिलं वळण बरोबर, दुसरं बरोबर, आणि मग तो सरळ जायचं सोडून डावीकडे शेजारच्या हरभऱ्यात शिरला. मी दोरी धरून थांबले, भरकटला म्हणून. नाक मात्र खालीच होतं. दहा-बारा पावलं आत गेला, थबकला, वळून परत बांधावर आला आणि पुढची सरळ रेघ धरली.

मी बांधावर बघितलं. आत्याबाईंच्या ओटीत हरभऱ्याचा कोवळा पाला होता.

"भाजीला घेतला वाईच," त्या म्हणाल्या. "त्येला कसं कळलं?"